बोलतो तसं लिहिता यावं म्हणून

ही पुस्तिका ज्या प्रश्नातून निघाली तो प्रश्न एका आईचा आहे. त्यांची मुलगी हाँगकाँगमधल्या एका स्थानिक प्राथमिक शाळेत जाऊ लागली आणि वर्गातल्या पालकांचा व्हॉट्सॲप गट त्यांच्या फोनवर दिवसभर वाजू लागला. उद्या कोणता गणवेश घालायचा, सहलीचे पैसे कधी भरायचे, कुणाच्या मुलाला ताप आलाय, सगळं कँटोनीजमध्ये. बाई पुण्याहून मँडरिन शिकून आल्या होत्या. त्यामुळे निम्म्याहून अधिक चिन्हं ओळखीची वाटायची, पण वाक्य हाती लागायचं नाही. मग त्या मँडरिनच्या पिनयिन कळफलकावरून मँडरिनमध्ये उत्तर लिहायच्या आणि समोरून मोठ्या सौजन्यानं इंग्रजीत प्रत्युत्तर यायचं. आमच्या रविवारच्या वर्गात त्यांनी विचारलं, "मी बाजारात तोडकंमोडकं बोलते ते लोकांना कळतं. तेच मला लिहायचंय. फोनवर काय करू?"

उत्तर दोन मिनिटांचं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये जायचं, कळफलकांच्या यादीत कँटोनीजचा उच्चारावर चालणारा कळफलक जोडायचा, झालं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. कळफलक जोडलेला होता, पण त्यावर शब्द उमटत नव्हते. स्टेशनच्या पाटीवर ज्या स्पेलिंगनं नाव लिहिलेलं होतं त्याच स्पेलिंगनं त्यांनी 'त्सिम शा त्सुई' टाइप केलं होतं आणि पडद्यावर भलतीच चिन्हं आली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कळफलक जोडणं हे कामाचं पहिलंच पाऊल आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते मराठीत कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

मराठी वाचकाला या गोष्टीतलं एक आश्चर्य आधी सांगते. आपण फोनवर रोमन अक्षरांत मराठी शब्द टाइप करतो आणि समोर देवनागरी उमटते. यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही. हाँगकाँगमध्ये जन्मलेला, आयुष्यभर कँटोनीज बोललेला, त्याच भाषेत भांडलेला आणि प्रेमात पडलेला माणूस मात्र बहुधा हे करू शकत नाही. त्याला शाळेत चिन्हं शिकवली जातात ती पाहून आणि गिरवून. चिन्हाचा उच्चार बाई सांगतात, मुलं म्हणतात, पण तो उच्चार रोमन अक्षरांत कसा लिहायचा हे सहसा कुणी शिकवत नाही. चीनमध्ये पहिलीतल्या मुलाच्या हातात उच्चार रोमन अक्षरांत लिहायचं पिनयिन असतं, तैवानमध्ये झुयिन ही उच्चारचिन्हं असतात. हाँगकाँगच्या मुलाकडे असं काहीच नसतं. म्हणून तो मोठेपणी आवाजावरून टाइप करत नाही, आकारावरून करतो.

आकारावरून टाइप करण्याची सगळ्यांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे त्सांगजिए. चू बाँगफू यांनी ती १९७६ साली तैवानमध्ये तयार केली आणि पुढे १९८२ मध्ये तिच्यावरचा हक्क सोडून ती सर्वांना खुली केली. चिन्हं ज्यानं निर्माण केली असं मानलं जातं त्या पुराणपुरुषाचं नाव तिला दिलेलं आहे. प्रत्येक कळीवर एक मूळ आकार असतो आणि चिन्ह फोडून त्याचे तुकडे क्रमानं दाबायचे. ए या कळीवर सूर्य आहे, बी या कळीवर चंद्र. दोन्ही दाबल्या की 'तेजस्वी' या अर्थाचं चिन्ह उमटतं, कारण ते सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवूनच बनलेलं आहे. किती सुंदर रचना आहे ही! तिचंच एक सोपं रूप आहे, ज्यात फक्त पहिला आणि शेवटचा तुकडा दाबायचा आणि मग यादीतून निवडायचं. इथल्या कचेऱ्यांमध्ये ते सर्रास चालतं. वयस्कर माणसं मेट्रोत बसून काचेवर बोटानं चिन्ह काढतात, किंवा सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. यातला कुठलाही मार्ग आपल्यासारख्यांसाठी नाही. ज्याला चिन्ह लिहिताच येत नाही तो ते फोडणार कसं? आपल्याकडे काय असेल तर तो कान आहे. ऐकलेला शब्द रोमन अक्षरांत बांधायचा आणि यंत्रानं त्याचं चिन्ह शोधून द्यायचं, हा एकच दरवाजा आपल्याला उघडा आहे.

आता ती पाटी. हाँगकाँगमध्ये रस्त्यांची, स्टेशनांची, माणसांची नावं रोमन लिपीत लिहायची जुनी सरकारी रीत आहे. तिला नियम असे थोडेच, प्रघात मात्र पक्के. ती ब्रिटिश कानांनी ऐकून लिहिलेली आहे. त्या काळात इथे पोहोचलेले आपले शब्दही तशाच इंग्रजी वेषात उभे आहेत. वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीवर 'श्रॉफ' लिहिलेलं असतं, तो आपला सराफ. वान चाय भागात 'स्टोन नल्ला लेन' नावाची गल्ली आहे, तो नल्ला म्हणजे नालाच. मुंबईचे पारशी व्यापारी कँटनच्या वाऱ्या करत होते तेव्हापासूनची ही ये-जा आहे. पण पाटी वाचायला कितीही गोड असली तरी तिच्यावरून टाइप करता येत नाही. 'त्सिम शा त्सुई'मधला टी-एस आणि 'त्सिंग यी'मधला टी-एस हे पाटीवर सारखेच दिसतात. बोलण्यात मात्र ते दोन वेगळे वर्ण आहेत. पहिला साधा, दुसरा हकारयुक्त. पाटी हा भेद दाखवत नाही. शब्दाचा अर्थ बदलणारा सूर तर ती कुठलाच दाखवत नाही.

कँटोनीज रोमन अक्षरांत बांधायचे प्रयत्न जुने आहेत. रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्यानं कँटनच्या बोलीचा शब्दसंग्रह मकावला १८२८ साली छापला. त्यानंतर मिशनऱ्यांच्या, विद्यापीठांच्या, सरकारी प्रशिक्षणवर्गांच्या पद्धती येत गेल्या. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकणाऱ्यांमध्ये फार रुळली, आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत तुम्हाला तीच दिसेल. पण तिच्यात स्वरांच्या डोक्यावर खुणा द्याव्या लागतात आणि खालचे सूर दाखवायला मध्येच एच घालावा लागतो. कागदावर ते ठीक आहे, कळफलकावर ती अडचण होते. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळानं युतपिंग ही पद्धत ठरवली. तिच्यात फक्त साधी रोमन अक्षरं आहेत आणि शेवटी सुरासाठी एक ते सहा यांपैकी एक आकडा. खुणा नाहीत, अपवाद नाहीत, एका आवाजाला एकच स्पेलिंग. म्हणून आज आवाजावर चालणारे बहुतेक कँटोनीज कळफलक युतपिंगवर उभे आहेत, आणि या पुस्तिकेतही आम्ही दुसरी कुठली पद्धत घेतलेली नाही. ज्यांनी येल शिकून घेतलंय त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आठवडाभरात हात वळतो.

यापुढचा भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी पुस्तकांतून कँटोनीज शिकताना मराठी माणूस स्वतःकडे असलेली मोठी शिदोरी विसरून जातो. युतपिंगमधला बी म्हणजे आपला ब नव्हे, तो प आहे. पी म्हणजे फळातला खरा फ, दोन्ही ओठ मिटून सोडलेला. डी म्हणजे त-टच्या मधला आवाज, टी म्हणजे त्याचाच हकारयुक्त जोडीदार. जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ, क आणि ख यांतला फरक कानानं पकडायला महिने लागतात. आपल्याला तो मुळाक्षरांनीच दिलेला आहे. 'ताय पो' अशी पाटी वाचून मराठी माणूस त आणि प हकार न देता म्हणतो आणि दुकानदाराला पहिल्या फटक्यात कळतं, कारण तिथे खरोखरच हकार नाही. युतपिंगमध्ये तीच अक्षरं डी आणि बी यांनी लिहायची एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

झेड म्हणजे चाकातला च, चारातला नव्हे. हा दंत्य च हिंदी माणसाकडे नाही, तो आपल्याकडे आहे. सी म्हणजे त्याच च्‌ला हकार जोडून केलेला आवाज. तो आपल्याकडे तयार मिळत नाही, पण जिभेची जागा आपल्याला माहीत असल्यामुळे नुसता श्वास वाढवायचा असतो. जे म्हणजे य. हे सगळ्यांत जास्त चुकतं, विशेषतः मँडरिन शिकून आलेल्यांचं, कारण पिनयिनमध्ये जे वेगळाच आवाज दाखवतो. 'युतपिंग' हा शब्दच लिहिताना जे-नं सुरू होतो, आणि त्याच्यातला पी हकारयुक्त असल्यामुळे खरा उच्चार 'युत्-फिङ्‌' असा आहे. आम्ही पुस्तिकेत 'युतपिंग'च लिहिलं आहे, कारण तसं ते बोलण्यात रुळलं.

आणि अ-आ. युतपिंगमध्ये एक ए म्हणजे आपला अ, दोन ए म्हणजे आपला आ. 'सम' म्हणजे हृदय, 'साम' म्हणजे तीन. 'हय' म्हणजे असणं, 'हाय' म्हणजे पायातला जोडा. हा भेद इंग्रजीतून समजवायला पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याला एका ओळीत कळतो, आणि कळफलकावर तो पाळला नाही तर हवं ते चिन्ह येतच नाही. आमच्या वर्गातल्या अर्ध्या तक्रारी एक ए कमी किंवा जास्त पडल्याच्या असतात. शब्दाच्या सुरुवातीला ङ म्हणणं मात्र जड जातं. वाङ्मयातला ङ आपण म्हणतो, पण तो घेऊन शब्द सुरू करायची सवय नाही. 'मी' या अर्थाचा कँटोनीज शब्द 'ङो' असा आहे. एन-जी-ओ. शब्दाच्या शेवटचे प, त, क ओठ किंवा जीभ बंद करून तिथेच थांबवायचे असतात. 'दहा' म्हणजे 'सप', पण प सोडायचा नाही, नुसतं तोंड मिटायचं.

काही स्वर आपल्याकडे नाहीत हे कबूल करायलाच हवं. हाँगकाँग या नावातलं पहिलंच अक्षर त्यांतलं आहे. ओठ ओसाठी गोल करायचे आणि जिभेनं ए म्हणायचा. तो ओ-ई असा लिहितात. तसाच वाय-यू, म्हणजे ओठ उचे आणि जीभ ईची. आरशासमोर उभं राहून करा. दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

सुरांबद्दल थोडक्यात. 'सी' हा एकच आवाज सहा सुरांत म्हटला की अनुक्रमे कविता, इतिहास, प्रयत्न, काळ, बाजार आणि घटना असे सहा शब्द होतात. 'माय'चा पाचवा सूर म्हणजे खरेदी, सहावा म्हणजे विक्री. 'थोङ्‌'चा पहिला सूर सूप, चौथा साखर. ऐकून घाबरायला होतं, पण टाइप करताना सूर बहुतेक वेळा द्यावाच लागत नाही. एकेक चिन्ह स्वतंत्र टाइप केलं तर यादी लांबलचक येते. अख्खं वाक्य सलग टाइप केलं तर यंत्र शेजारचे शब्द बघून बरोबर चिन्हं लावतं. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच: शब्दाशब्दाला थांबू नका, दमानं अख्खा वाक्यांश लिहा आणि मग बघा.

इथे एक गोष्ट विस्तारानं सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुस्तिकेचं प्रयोजनच कळणार नाही. कँटोनीज बोलणारा माणूस शाळेत जी चिनी लिहायला शिकतो ती त्याच्या बोलण्याची भाषा नसते. शाळेतला निबंध, वर्तमानपत्राचा अग्रलेख, सरकारी परिपत्रक हे सगळं प्रमाण लिखित चिनीत असतं, आणि तिचा सांगाडा मँडरिनचा आहे. 'मी हाँगकाँगमध्ये राहतो' हे वाक्य तो बोलतो एका रचनेत आणि निबंधात लिहितो दुसऱ्या रचनेत. 'मध्ये'साठी बोलण्यात 'हय' येतो, निबंधात दुसरंच चिन्ह. 'नाही', 'तो', 'चा', 'झालं', 'वस्तू' हे रोजचे शब्दही दोन्हीकडे वेगळे. बोललेलं जसंच्या तसं लिहायचं तर त्यासाठी निराळी चिन्हं लागतात, आणि ती लोकांनी शतकानुशतकं घडवलेली आहेत. गीतांच्या चोपड्यांत, नाटकांच्या संहितांत, पुढे वर्तमानपत्रांच्या हलक्याफुलक्या सदरांत आणि जाहिरातींत ती वाढली.

त्यांतल्या पुष्कळ चिन्हांच्या डाव्या बाजूला तोंडाचा लहानसा चौकोन असतो. आवाज ओळखीच्या चिन्हाचा घ्यायचा, बाजूला तोंड काढायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे बोलीतलं आहे, उच्चारून बघ. 'असणं' दाखवणारं 'हय' हे चिन्ह घ्या, शेजारी तोंड काढा, की 'मध्ये' या अर्थाचं 'हय' झालं. आणि 'नाही' या अर्थाचं 'मोउ'! ज्या चिन्हाचा अर्थ 'आहे' असा होतो त्याच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा काढून टाकल्या, पोट रिकामं केलं, की 'नाही' झालं. ज्यानं पहिल्यांदा हे चिन्ह काढलं तो मोठा लेखक असला पाहिजे.

संगणक आले तेव्हा ही चिन्हं त्यांत नव्हती. तैवानमध्ये १९८०च्या दशकात बनलेला बिग-फाइव्ह नावाचा चिन्हसंच हाँगकाँगनं उचलला, त्यात तेरा हजारांवर चिन्हं होती, पण कँटोनीजची रोजच्या वापरातली अनेक गायब. मग लोकांनी काय केलं? तोंडाच्या चौकोनाऐवजी रोमन ओ टाइप केला आणि त्याला खेटून उरलेलं चिन्ह ठेवलं. वाचणारा ते दोन्ही मिळून एकच चिन्ह म्हणून वाचायचा. मला हे फार हलवून टाकणारं वाटतं. यंत्रात आपल्या बोलीला जागा नाही म्हणून कुणी बोली सोडली नाही, हाताशी असलेल्या तुकड्यांतून ती जुळवली. सरकारनं १९९५ मध्ये स्वतःच्या कचेऱ्यांसाठी ३,०४९ जादा चिन्हांचा संच केला, १९९९ मध्ये हाँगकाँगचा पुरवणी चिन्हसंच म्हणून ४,७०२ चिन्हं जाहीर झाली, आणि २०१६च्या आवृत्तीत ती ५,०३३ आहेत. त्यांत गावांची आणि माणसांची नावं आहेत, शास्त्रातली चिन्हं आहेत, आणि तोंडाच्या चौकोनाचे हे बोलीतले शब्दही आहेत. युनिकोडमध्ये ती आल्यामुळे आज कुठल्याही साध्या फोनवर दिसतात.

मँडरिनच्या कळफलकावरून कँटोनीज का लिहिता येत नाही याचं उत्तर यात आहे. चिन्हं फोनमध्ये आहेत, पण पिनयिनच्या वाटेनं त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी प्रत्येकाचा मँडरिन उच्चार माहीत हवा, आणि बोलीतल्या चिन्हांना तो कुणाच्या तोंडी नसतोच. शिवाय पिनयिनचं यंत्र मँडरिनची वाक्यं सुचवत राहतं आणि लिहिणारा नकळत त्यांच्या मागे जातो. पुण्याच्या त्या बाईंचं तेच झालं होतं. आम्ही त्यांच्या फोनवरून पिनयिन काढलं नाही, पण कँटोनीज कळफलक यादीत वर आणला. यंत्र ज्या भाषेत सुचवतं त्या भाषेत माणूस लिहू लागतो, हे मी वर्गात इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे.

कुठल्या यंत्रावर काय करायचं याची पावलं आतल्या पानांत चित्रांसह आहेत, म्हणून इथे निवड कशी करावी एवढंच सांगते. ॲपलनं २०२२ साली आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंच्युरामध्ये युतपिंगवर चालणारा कळफलक यंत्रातच दिला. आयफोन किंवा मॅक असेल तर सुरुवात तिथून करा, वेगळं काही उतरवून घ्यायची गरज नाही. निवडताना पारंपरिक लिपी निवडल्याची खात्री करा. हाँगकाँगमध्ये सोपी केलेली चिन्हं चालत नाहीत, आणि चुकून ती गेली तर वाचणाऱ्याला खटकतं.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणि ज्यांना आपल्या हातानं सगळं जुळवायला आवडतं त्यांनी राइम घ्यावं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या विंडोजच्या आणि मॅकच्या आवृत्त्यांची इंग्रजी नावं प्राण्यांची आहेत, पण चिनी नावं लिहायच्या कुंचल्यांची: एक मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा, दुसरा उंदराच्या मिशांचा. राइम स्वतः कुठलीच भाषा जाणत नाही, त्याला भाषेचा आराखडा द्यावा लागतो. कँटोनीजचा आराखडा स्वयंसेवकांच्या एका गटानं केला आहे आणि तो अतिशय काळजीपूर्वक केलेला आहे. सूर द्यायचा असेल तर त्यात आकडे दाबायचे नाहीत, कारण आकड्यांनी यादीतलं चिन्ह निवडलं जातं. त्याऐवजी व्ही, एक्स आणि क्यू ही अक्षरं वापरायची. युतपिंगमध्ये ही अक्षरं कुठेच लागत नाहीत म्हणून ती मोकळी होती. एकदा दाबली की वरचे तीन सूर, दोनदा दाबली की खालचे तीन. आराखडा बदलल्यावर राइमला पुन्हा मांडणी करायची आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही म्हणून 'काही चालत नाही' असं वाटून लोक सोडून देतात. तेवढं करू नका.

तिसरा पर्याय आपल्यासाठी सगळ्यांत जवळचा आहे. हाँगकाँगच्या शिक्षण विद्यापीठाच्या पुढाकारानं 'टाइपडक' नावाचा कळफलक तयार झाला, तो खास इथल्या अल्पसंख्याक समाजांतल्या मुलांसाठी. युतपिंग टाइप केलं की प्रत्येक चिन्हासोबत उच्चार दिसतो आणि अर्थही दिसतो, इंग्रजीत, हिंदीत, उर्दूत, नेपाळीत किंवा इंडोनेशियनमध्ये. यादीतलं नेमकं कोणतं चिन्ह आपलं हे ज्याला ओळखता येत नाही त्याची खरी अडचण या मंडळींनी ओळखली. मराठी त्यात नाही. हिंदी वाचता येणाऱ्याला ते पुरतं, तरी आमच्या वर्गातल्या आजी-आजोबांसाठी आम्ही मागच्या पानांत मराठी अर्थांची सूची दिली आहे.

फोनवर बाहेरून घेतलेला कुठलाही कळफलक 'पूर्ण प्रवेश' मागू शकतो. तो देण्याआधी विचारा की तुम्ही जे टाइप करता ते कुठे जातं. बँकेचा संकेतशब्द टाकताना फोनच्या मूळ कळफलकावर परत यावं, ही सवय आम्ही सगळ्यांना लावतो.

अडचणींपैकी एकीकडे विशेष लक्ष वेधायचंय, कारण ती शिकणाऱ्याची चूक नसते. पुस्तकात 'तू' म्हणजे 'नेय' लिहिलेलं असतं, आणि रस्त्यावर बहुतेक लोक 'लेय' म्हणतात. पुस्तकात 'ङो', रस्त्यावर 'ओ'. या उच्चारांना इथे 'आळशी आवाज' म्हणतात आणि शाळेत त्यावरून मुलांना बोलणी बसतात. ज्यांनी लहानपणी 'पानी' म्हटलं म्हणून मार खाल्लाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. भाषा बदलते आणि तरुण पिढी बोलते ती कँटोनीजच आहे. कळफलकाच्या दृष्टीनं इतकंच महत्त्वाचं की तुम्ही ऐकलंत तसं एल-नं टाइप केलं आणि चिन्ह आलं नाही, तर एन-नं करून बघा. सुरुवातीचा ङ गळाला असेल तर तो परत जोडून बघा. काही कळफलक दोन्ही स्वीकारतात, सेटिंगमध्ये तशी सोय शोधा. आणि 'हय'. 'असणं' आणि 'मध्ये' यांची अक्षरं सारखी, सूर फक्त वेगळा. यादीत दोन्ही शेजारी येतात. तोंडाचा चौकोन असलेलं ते 'मध्ये'. इथे जन्मलेलेही यात घसरतात.

इतका आटापिटा कशासाठी, असं वर्गाबाहेरच्या मित्रांनी मला विचारलं. इंग्रजीवर भागतं की! भागतं, हे खरंय. १९७४ पासून इथे चिनी ही इंग्रजीबरोबर अधिकृत भाषा आहे, कायद्यात नुसतंच 'चिनी' म्हटलंय, कँटोनीजचं नाव नाही. तरी २०२१च्या जनगणनेत ८८.२ टक्के लोकांनी नेहमीच्या वापराची भाषा म्हणून कँटोनीज सांगितली. आपण ज्या शहरात राहतो, जिथे मुलं वाढवतो, तिथल्या दहांतल्या जवळजवळ नऊ माणसांच्या घरातली भाषा ही आहे. ती आपल्याला ऐकू येते, थोडी बोलता येते, आणि लिहायची वेळ आली की आपण दुसऱ्या भाषेच्या आड जातो. मुंबईत पंचवीस वर्षं राहून मराठीत दोन ओळी लिहू न शकणाऱ्या शेजाऱ्याबद्दल आपण काय बोलतो ते आठवून मी हे लिहितेय.

पुस्तिकेचा वापर कसा करावा? पहिल्या दिवशी फक्त कळफलक जोडा आणि पुस्तिका मिटून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत जा. भाजीवाल्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जाड लाल शाईनं कॅटीचा भाव लिहिलेला असेल. कॅटी म्हणजे सहाशे ग्रॅमच्या किंचित वर. हिरव्या, कोवळ्या दांड्यांच्या, बारीक पिवळ्या फुलांच्या जुडीसमोर उभे राहा. भाजीवाली तिचं नाव घेईल ते कान देऊन ऐका. दुसरा शब्द 'सम' आहे, ऱ्हस्व अ, हृदय. भाजीचं हृदय. फोन काढा आणि टाइप करा: सी-ओ-आय, मग एस, एकच ए, एम.